डेल्मर डेव्हज : सहानुभूतीच्या सिनेमाचा जमाखर्च

पीडितांविषयी कळवळा असलेला, पण स्वतः पीडित नसलेला कलावंत त्यांचे जीवन चितारू लागतो, तेव्हा त्याच्या हाती काय लागते आणि हातून काय निसटते, हा प्रश्न दलित साहित्याच्या चर्चेत नवा नाही. सहानुभूती आणि स्वानुभव यांतील अंतर आपण कथा-कादंबरीच्या निमित्ताने पुष्कळदा तपासले आहे. परंतु हे अंतर केवळ आपल्या साहित्यापुरते नाही. एका संपूर्ण लोकसमूहाला पडद्यावर वर्षानुवर्षे खलनायक म्हणून उभे करणाऱ्या अमेरिकन ‘वेस्टर्न’ चित्रपटात ते फार स्पष्टपणे दिसते. या लेखात अशाच एका पटकथाकार-दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचा विचार करावयाचा आहे. त्याचे नाव डेल्मर डेव्हज. तो द्वेष पसरविणारा माणूस नव्हता. किंबहुना त्याच्या काळातील बहुसंख्य दिग्दर्शकांहून त्याची न्यायबुद्धी अधिक जागी होती. म्हणूनच त्याचा हिशोब मांडणे आवश्यक आहे. उघड शत्रूचा हिशोब सोपा असतो. मित्राचा मांडताना हात अडखळतो.

‘वेस्टर्न’ म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी मिसिसिपी नदीपलीकडील अफाट प्रदेश ताब्यात घेतला. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जमातींशी तह केले, ते मोडले, आणि उरलेल्या माणसांना ‘रिझर्व्हेशन’ नावाच्या राखीव प्रदेशांत कोंडले. जमिनीच्या या लुटीची कहाणी पराक्रमाची कहाणी म्हणून सांगणारा चित्रपट म्हणजे वेस्टर्न. त्यात घोडेस्वार नायक असतो, ओसाड माळ असतो, सलून नावाचा दारूचा गुत्ता असतो आणि टेकडीआडून आरोळ्या ठोकत येणारे ‘इंडियन’ असतात. हे ‘इंडियन’ नावच मुळी कोलंबसाच्या चुकीतून आलेले. हे लोक स्वतःला होपी, अपाची, मोडॉक, शायान अशा निरनिराळ्या समाजांचे मानतात. दुसऱ्याने ठेवलेले नाव पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागविणे म्हणजे काय, हे या त्रैमासिकाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

डेव्हजचा जन्म १९०४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याने कायद्याचे शिक्षण घेतले. पण वकिली न करता तो चित्रपटधंद्यात शिरला. १९२३ साली पडद्यावर आलेल्या ‘द कव्हर्ड वॅगन’ या गाजलेल्या मूक वेस्टर्नच्या वेळी तो चित्रीकरणाचे सामानसुमान सांभाळणारा पोऱ्या होता. तरुणपणी ॲरिझोना भागात होपी आणि नव्हाहो लोकांच्या वस्त्यांवर त्याने काही काळ घालविला होता. पुढे तो पटकथा लिहू लागला. ‘द पेट्रिफाइड फॉरेस्ट’ (१९३६), ‘लव्ह अफेअर’ (१९३९) अशा नावाजलेल्या चित्रपटांच्या लेखनात त्याचा वाटा आहे. १९४३ साली ‘डेस्टिनेशन टोकियो’ या युद्धपटापासून तो दिग्दर्शक झाला. त्याची वेस्टर्न-कारकीर्द मात्र १९५० ते १९५९ या दहा वर्षांत सामावलेली आहे. ‘ब्रोकन ॲरो’ (१९५०), ‘ड्रम बीट’ (१९५४), ‘जुबल’ आणि ‘द लास्ट वॅगन’ (१९५६), ‘थ्री टेन टू युमा’ (१९५७), ‘काउबॉय’ आणि ‘द बॅडलँडर्स’ (१९५८) व ‘द हँगिंग ट्री’ (१९५९) हे ते चित्रपट. त्यानंतर तो कौटुंबिक प्रेमपटांकडे वळला. १९६५ नंतर त्याने चित्रपट केला नाही. १९७७ साली तो वारला.

यांपैकी ‘ब्रोकन ॲरो’ने डेव्हजचे नाव इतिहासात नेले. एलियट अर्नल्ड याच्या ‘ब्लड ब्रदर’ या १९४७ च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. काळ १८७० च्या आसपासचा, स्थळ ॲरिझोना. टॉम जेफर्ड्स या गोऱ्या माणसाला वाटेत एक जखमी अपाची मुलगा सापडतो. तो त्याची शुश्रूषा करतो. मुलगा सांगतो की घरी आई आपल्यासाठी रडत असेल. आणि अपाची बाईदेखील आपल्या लेकरासाठी रडते ही गोष्ट जेफर्ड्सच्या पहिल्यांदा ध्यानात येते. पुढे तो अपाचींची भाषा शिकतो, एकटाच चिरिकाहुआ अपाचींचा नेता कोचीस याच्या डोंगरात जातो, त्याच्याशी मैत्री जोडतो, सोनसीआरे नावाच्या अपाची तरुणीशी लग्न करतो आणि सरकार व अपाची यांच्यात तह घडवून आणतो.

त्या काळाच्या मानाने हे धाडस होते. गावातले गोरे जेफर्ड्सलाच फासावर चढवू पाहतात. तह मोडण्याचा कट गोरेच करतात. आणि सूडासाठी पेटलेल्या जेफर्ड्सला आवरण्याचे शहाणपण कोचीसकडे असते. शब्द पाळणारा कोण आणि शब्द मोडणारा कोण, याचे नेहमीचे गणित डेव्हजने उलटे मांडले. त्याच वर्षी अँथनी मान याचा ‘डेव्हिल्स डोअरवे’ हाही इंडियनांची बाजू मांडणारा चित्रपट आला. परंतु सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचला तो ‘ब्रोकन ॲरो’. ही जमेची बाजू आपण मोकळ्या मनाने लिहिली पाहिजे. आता खर्चाची बाजू पाहू.

पहिली गोष्ट भाषेची. चित्रपट सुरू होतो तेव्हाच जेफर्ड्सचा आवाज प्रेक्षकांना सांगतो की या कथेत अपाची माणसे बोलतील ती आपल्या, म्हणजे इंग्रजी, भाषेत. कारण उघड आहे : प्रेक्षकाला समजावे. गंमत अशी की अपाची भाषा शिकणे हाच या कथेतला नैतिक टप्पा आहे. नायक ती शिकतो म्हणून माणसात येतो. पण ज्या प्रेक्षकाला माणसात आणायचे, त्याच्या कानावर ती भाषा पडू द्यायची नाही. शिवाय अपाचींच्या तोंडी घातलेली इंग्रजीही रोजच्या बोलण्यातली नाही. ती संथ, गंभीर, सुभाषितासारखी आहे. हा कोचीस कधी थट्टा करणार नाही, कोणावर खेकसणार नाही. त्याला थोरपण दिले आहे. साधे माणूसपण मात्र दिलेले नाही.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. कोचीस झाला आहे जेफ चँडलर हा ब्रुकलिनमध्ये जन्मलेला गोरा नट. या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. सोनसीआरे झाली आहे डेब्रा पॅजेट ही पंधरा-सोळा वर्षांची गोरी मुलगी. रंग फासून, केसांचे टोप चढवून त्यांना इंडियन केले. महत्त्वाच्या भूमिकांमध्ये खरोखर मूळ रहिवासी समाजातून आलेला ठळक नट म्हणजे जे सिल्व्हरहील्स. तो कॅनडातील मोहॉक समाजाचा. त्याला कोणती भूमिका मिळाली? जेरोनिमोची, तह नाकारून, कोचीसची साथ सोडून बाहेर पडणाऱ्या ‘वाईट’ इंडियनाची. समजूतदार इंडियन व्हायला गोरा नट लागतो आणि नकार देणारा इंडियन खऱ्या इंडियनाने व्हायचे, ही वाटणी डेव्हजने जाणूनबुजून केली असे मी म्हणणार नाही. व्यवस्था अशीच चालते. ती आपल्या भल्या माणसांकडूनही आपले काम करून घेते.

तिसरी गोष्ट बाईची. सोनसीआरे शेवटी मरते. गोऱ्यांच्या दगलबाजीत ती गोळीला बळी पडते, आणि तिच्या मरणाने तहावर शिक्कामोर्तब झाले अशा अर्थाचे बोलून जेफर्ड्स घोड्यावरून निघून जातो. खऱ्या जेफर्ड्सच्या अशा लग्नाला इतिहासात आधार नाही; ही बाई कादंबरीने निर्माण केली आणि चित्रपटाने मारली. दोन समाजांतल्या लग्नाला मान्यता दिल्याचे श्रेय चित्रपटाला मिळाले. आणि ते लग्न टिकून मुलेबाळे झाली असती तर प्रेक्षकाला जे पचवावे लागले असते, त्यातूनही तो सुटला.

चौथी गोष्ट कथा जेथे थांबते त्या जागेची. पडद्यावर तह होतो आणि चित्रपट संपतो. इतिहास मात्र तेथे थांबला नाही. मुळात युद्ध पेटले ते १८६१ साली. लष्कराच्या एका तरुण अधिकाऱ्याने कोचीसवर नसलेल्या गुन्ह्याचा आळ घेतला, बोलणीसाठी आलेल्या कोचीसला पकडू पाहिले आणि पुढे त्याच्या नातलगांना फाशी दिली. अकरा वर्षांनी, १८७२ मध्ये, जनरल हॉवर्ड याने जेफर्ड्सच्या मध्यस्थीने कोचीसशी तह केला. तो तोंडी होता. चिरिकाहुआंना त्यांच्याच डोंगरांत राखीव प्रदेश मिळाला आणि जेफर्ड्स तेथे सरकारी एजंट झाला. १८७४ साली कोचीस वारला. १८७६ साली, म्हणजे तहाला चार वर्षे होतात न होतात तोच, सरकारने तो राखीव प्रदेश मोडीत काढला आणि लोकांना सान कार्लोसला हलविण्याचा हुकूम दिला. १८८६ साली जेरोनिमो शरण आल्यावर चिरिकाहुआंना युद्धकैदी म्हणून आगगाडीत भरून फ्लोरिडाला पाठविण्यात आले. त्यांत शांतपणे शेती करणारे होते, आणि सरकारी लष्करात वाटाडे म्हणून नोकरी केलेलेही होते. ही कैद १९१३ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे चालली. हे सर्व १९५० साली कोणालाही माहीत होण्याजोगे होते. ते सांगितले असते तर पडद्यावरचा ‘वाईट’ जेरोनिमो फारसा चुकीचा नव्हता, असे प्रेक्षकाला मान्य करावे लागले असते. सहानुभूतीला तह दाखविणे परवडते. तह मोडल्याचा जाब देणे परवडत नाही.

या चित्रपटामागे आणखी एक गप्प केलेला माणूस आहे. ‘ब्रोकन ॲरो’ची पटकथा अल्बर्ट मॉल्ट्झ याने लिहिली. ‘डेस्टिनेशन टोकियो’चा तो डेव्हजबरोबरचा सहलेखक, ‘प्राइड ऑफ द मरीन्स’ (१९४५) हाही या दोघांचाच चित्रपट. १९४७ साली अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या चौकशी समितीने ‘तुम्ही कम्युनिस्ट आहात काय’ असा प्रश्न चित्रपटधंद्यातील माणसांना विचारला. ज्या दहा जणांनी समितीचा हा अधिकारच मानला नाही, त्यांत मॉल्ट्झ होता. त्याला काळ्या यादीत टाकण्यात आले आणि १९५० साली तुरुंगात पाठविण्यात आले. त्यामुळे ‘ब्रोकन ॲरो’वर लेखक म्हणून नाव लागले ते त्याचा मित्र मायकेल ब्लँकफर्ट याचे. पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले आणि लेखकसंघाचे पारितोषिकही. दोन्ही दुसऱ्याच्या नावावर. ब्लँकफर्टने हे मैत्रीखातर, जोखीम पत्करून केले हेही नमूद केले पाहिजे. मॉल्ट्झ १९८५ साली वारला. लेखकसंघाने त्याचे नाव अधिकृतपणे परत दिले ते त्यानंतर. म्हणजे ज्या चित्रपटात अपाचींच्या तोंडून गोरे बोलले, त्या चित्रपटाच्या खऱ्या लेखकालाही स्वतःच्या नावाने बोलता आले नाही. येथे दोन मुकेपणे एकावर एक पडली आहेत. मात्र ती सारखी नाहीत. मॉल्ट्झचे नाव दडपले गेले, पण त्याचे शब्द पडद्यावर पोहोचले. अपाचींचे नाव पडद्यावर पोहोचले, शब्द नाहीत.

चार वर्षांनी आलेला ‘ड्रम बीट’ डेव्हजने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शितही केला. म्हणून तो अधिक बारकाईने पाहिला पाहिजे. त्याचा विषय १८७२-७३ चे मोडॉक युद्ध. कॅलिफोर्निया आणि ओरेगनच्या सीमेवर राहणाऱ्या मोडॉकांना दुसऱ्या जमातीच्या राखीव प्रदेशात नेऊन ठेवण्यात आले. तेथे निभाव लागेना म्हणून किंटपुआश, ज्याला गोरे ‘कॅप्टन जॅक’ म्हणत, आपल्या लोकांना घेऊन मूळ गावी परतला. लष्कर मागे लागले. ज्वालामुखीच्या खडकाळ रानात पन्नास-साठ मोडॉक लढवय्यांनी शेकडो सैनिकांना कित्येक महिने थोपवून धरले. ११ एप्रिल १८७३ रोजी तहाच्या बोलणीत जनरल कॅनबी मोडॉकांच्या हातून मारला गेला. ३ ऑक्टोबर १८७३ रोजी किंटपुआश व त्याच्या तीन साथीदारांना फाशी देण्यात आले. फाशीनंतर त्यांची शिरे कापून वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयात पाठविण्यात आली. किंटपुआशची कवटी त्याच्या वंशजांना परत मिळाली ती १९८४ साली, एकशे अकरा वर्षांनी.

‘ड्रम बीट’मध्ये किंटपुआश झाला आहे चार्ल्स ब्रॉन्सन. तो रगेल, आकर्षक, पण मूलतः लुटारू दाखविला आहे. घरी परत जाण्याचा माणसाचा साधा हक्क येथे बंडखोराचा माज होऊन बसतो. चित्रपटात टोबी नावाची मोडॉक मुलगी आहे. ती गोऱ्या नायकावर प्रेम करते आणि त्याला वाचविताना मरते. मग गोऱ्या नायिकेचा मार्ग मोकळा होतो. आता खरी टोबी पाहा. तिचे दुसरे नाव विनेमा. ती दुभाषी होती. तिचा नवरा फ्रँक रिडल हा गोरा होता. बोलणीत दगा होणार आहे हे तिने कॅनबीला आधीच सांगितले होते. त्याने ऐकले नाही. ती युद्धात मेली नाही. अमेरिकेच्या काँग्रेसने तिला निवृत्तिवेतन मंजूर केले आणि ती १९२० सालापर्यंत जगली. तिचा मुलगा जेफ रिडल याने मोडॉकांच्या बाजूने या युद्धाचा इतिहास लिहिला; तो १९१४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे डेव्हजने पटकथा लिहिण्यापूर्वी चाळीस वर्षे त्या समाजातल्या माणसाचे छापील पुस्तक उपलब्ध होते. तरी पडद्यावर आली ती जगलेली, संसार केलेली, दोन्ही बाजूंना खडसावणारी विनेमा नव्हे. आली ती नायकासाठी मरणारी टोबी. सहानुभूतीला मेलेली बाई जवळची वाटते. जगणारी बाई प्रश्न विचारते.

‘द लास्ट वॅगन’मध्ये डेव्हजने थोडी पुढची पायरी गाठली. नायक गोरा असला तरी कोमांची समाजात वाढलेला आहे. त्याची कोमांची बायको आणि मुले गोऱ्यांनी मारली आहेत. तांड्यात एक मिश्र रक्ताची मुलगी आहे. तिची गोरी सावत्र बहीण तिचा तिरस्कार करते. एकाच घरात, एकाच ताटावर चालणारा वर्णद्वेष येथे दिसतो, आणि तो चांगला दिसतो. पण पुन्हा तेच : इंडियनांचे दुःख सांगायला गोऱ्या कातडीचा नायकच पुढे केला जातो.

मग डेव्हज कोठे थोर ठरतो? माझ्या मते ‘थ्री टेन टू युमा’ आणि ‘काउबॉय’ या दोन चित्रपटांत. पहिल्यात डॅन इव्हान्स हा दुष्काळाने खचलेला शेतकरी आहे. पाण्यासाठी त्याला दोनशे डॉलर हवेत. तेवढ्यासाठी तो एका नामांकित दरोडेखोराला युमाच्या गाडीत बसवून देण्याचे काम पत्करतो. दरोडेखोर त्याला कितीतरी मोठी लाच देऊ करतो. गावातले प्रतिष्ठित एकेक करून अंग काढून घेतात; शेवटपर्यंत राहतो तो गावचा दारूडा, आणि तोच मारला जातो. तडकलेली जमीन, हाडे निघालेली जनावरे, बायकोच्या डोळ्याला डोळा न देणारा नवरा हे सारे डेव्हजने काळ्या-पांढऱ्या चित्रणात असे टिपले आहे की गरिबी येथे पार्श्वभूमी राहत नाही. ती कथा चालविते. हा चित्रपट २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला. ‘काउबॉय’मध्ये गुराख्याच्या जीवनावरची सगळी झिलई त्याने खरवडून काढली आहे. सापाच्या चेष्टेत एक जण मरतो. त्याला पुरतात आणि गुरे पुढे हाकतात, कारण काम थांबत नाही.

या चित्रपटांत तो का जिंकला? कारण येथे त्याला कोणाचे थोरपण सिद्ध करायचे नव्हते. डॅन इव्हान्स थोर नाही. तो चिडतो, घाबरतो, पैशाकडे पाहतो. डेव्हजला ही माणसे आतून ठाऊक होती, म्हणून त्यांना दोष देण्याची हिंमत त्याला झाली. कोचीसला दोष देण्याची हिंमत त्याला झाली नाही, आणि किंटपुआशला दोषाखेरीज काही देता आले नाही. परक्या समाजाचा माणूस एकतर देव्हाऱ्यात बसतो, नाहीतर फासावर चढतो. मधली, रोजच्या जगण्याची जागा त्याला मिळत नाही.

मी महाविद्यालयात शिकवितो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. आमच्या वस्तीविषयी छापलेले जे पहिल्यांदा माझ्या हाती आले, ते वस्तीबाहेरच्यांनी लिहिलेले होते. त्यातली काही पाने तुच्छतेची होती, काही कळवळ्याची. कळवळ्याच्या पानांनी मला बरे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या पानांतली म्हातारी माझ्या आजीसारखी बोलत नव्हती, शिव्या देत नव्हती, हसत नव्हती. ती फक्त सोसत होती. ‘ब्रोकन ॲरो’ पाहणाऱ्या अपाची मुलाला काय वाटले असेल, याचा अंदाज मी यावरून बांधतो.

म्हणून डेव्हजला आपण शिवी देऊ नये आणि हारही घालू नये. सहानुभूतीने एक दार किलकिले केले. त्या दारातून आत येऊन बोलण्याचे काम ज्यांचे त्यांनीच करावयाचे होते, आणि ते त्यांनी केले. जे सिल्व्हरहील्सने १९६० च्या दशकात लॉस एंजेलिस येथे मूळ रहिवासी नटांसाठी कार्यशाळा उभी केली. जेरोनिमो करून थांबला नाही. १९९८ साली ‘स्मोक सिग्नल्स’ आला. त्याचा लेखक शर्मन अलेक्सी आणि दिग्दर्शक ख्रिस आयर दोघेही मूळ रहिवासी समाजातले. आणि ज्या होपींच्या वस्त्यांवर तरुण डेव्हज पाहुणा म्हणून राहिला, त्याच होपींपैकी व्हिक्टर मसायेस्वा याने १९८४ साली ‘इताम हाकिम होपित’ हा चित्रपट केला. त्यात एक वृद्ध होपी आपल्या लोकांची हकीकत सांगतो, होपी भाषेत. पुढे १९९२ साली त्याच मसायेस्वाने ‘इमॅजिनिंग इंडियन्स’ या माहितीपटात हॉलिवूडने इंडियन कसा घडविला, याचाच हिशोब मांडला. पाहुण्याने घराचे चित्र काढले होते. आता घरातला माणूस त्या चित्राकडे बोट दाखवून बोलतो आहे. या वेळी प्रेक्षकाला समजावे म्हणून भाषा बदललेली नाही. समजून घ्यायचे असेल तर प्रेक्षकाने खालच्या ओळी वाचण्याचे कष्ट घ्यावयाचे आहेत.